न बोलणाऱ्या बाळाची खूण



भक्तहो, दत्तजयंतीच्या सप्ताहात पारायणाला बसलं की दुसऱ्या दिवशी अकरावा अध्याय येतो. कारंज्याच्या माधव आणि अंबा यांच्या पोटी श्रीनृसिंहसरस्वती महाराज जन्मले ते ॐकार म्हणतच. त्यानंतर मुंजीपर्यंत दुसरा शब्द नाही. आईबाप कासावीस, शेजारीपाजारी उपाय सांगतायत. अखेर मुंज होते, माउली भिक्षा घालते आणि बाळाच्या मुखातून वेद बाहेर पडतात.

हा अध्याय मी कित्येक वर्षं नवसाच्या पावतीसारखा वाचला. आमचा मुलगा आज ३४ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. हा आजार नव्हे, मेंदूची घडणच वेगळी, हेही समजावलं. पण मी बँकेतला कारकून. भरणा केला की खात्यावर जमा दिसलीच पाहिजे!

आठव्या वर्षी मुंज केली. सनईचा कर्णा, होमाचा धूर, डोक्यावर वस्तरा. तो किंचाळत मांडवातून पळाला. सौ.ने भिक्षा घातली ती माडीवरच्या अंधाऱ्या खोलीत. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. तो काहीच बोलला नाही. त्या रात्री पोथी बांधून ठेवली, ती सहा वर्षं सोडली नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे एका मार्गशीर्षात सौ.च्या आग्रहाने पुन्हा बसलो. पारायणाचे नियम आपण जाणताच. जागा तीच, वेळ तीच, तोंड त्याच दिशेला, मधे उठायचं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून पाहतो तर माझा पाट मांडलेला, अगदी त्याच फरशीवर, आणि शेजारी हा बसलेला. एरवी एका जागी दहा मिनिटं न टिकणारा मुलगा वाचन संपेपर्यंत डोलत बसला. सातही दिवस.

त्याचंही असंच असतं हो. ताट तेच, रस्ता तोच, आंघोळीची वेळ तीच. पाहुण्यांनी ताट बदललं की घर डोक्यावर घेतो. माझ्या नेमाला लोक निष्ठा म्हणतात, त्याच्या नेमाला हट्ट.

मग अकरावा अध्याय नीट वाचला. मुंज करा, मग बोलेन, हे त्या बाळाने हाताच्या खुणेने सांगितलं होतं. आईबापांना ती खूण कळली. वेद नंतर आले. मी नेमकी खूण गाळून थेट वेदांवर पोचत होतो, आणि इकडे माझा मुलगा रोज पाट मांडून काही सांगत होता.

'मागच्या जन्मीचं आहे,' असं सांगणारे आजही भेटतात. मी हात जोडतो आणि पुढे जातो. माझी काळजी पुढची आहे, आमच्या मागे याचं काय? जन्मभर लोकांकडून नॉमिनीचा रकाना भरून घेतला, घरचा मात्र राहिला. असं मूल अठराचं झालं की कायद्याने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मी उशिरा केला. कुणाच्या घरी, नात्यात असं मूल असेल तर आजच चौकशी करा.

एका देवळात पूर्वी जन्मकाळी झांजा सुरू झाल्या, हा ओरडला, तेव्हा 'याला बाहेर न्या' म्हणाले. त्यानंतर आम्ही दुपारीच दर्शन घेऊन परतायचो. यंदा मात्र पौर्णिमेच्या संध्याकाळी तिघेही येणार आहोत. मागच्या दाराशी, औदुंबराजवळ उभे राहू. कानावर हात ठेवून डोलणारा उंच मुलगा दिसला तर सुंठवडा जरूर द्या. फक्त हातावर नको, द्रोणात द्या. हाताला चिकटलेलं त्याला चालत नाही.