टाका आणि अनुमोदन

चारजणांनी एकत्र बसून हाताने शिवताना जो आनंद होतो, तो मनाला मोकळे करणारा मानावा की बांधून ठेवणारा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. पण गृहत्यागाचा मार्ग सांगणाऱ्या धर्माला तो टाळता येत नाही. मज्झिमनिकायातील, म्हणजे बुद्धांच्या मध्यम लांबीच्या उपदेशांच्या संग्रहातील, महासुञ्ञतसुत्तात तो अगदी उघडपणे उभा राहतो. बुद्ध कपिलवस्तूला आलेले असताना शाक्यांच्या एका विहारात त्यांचा शिष्य आनंद अनेक भिक्खूंसह चीवरे, म्हणजे भिक्खूंची वस्त्रे, शिवत बसलेला असतो आणि सध्या चीवरे करण्याचे दिवस आहेत, असे तो बुद्धांना सांगतो. त्यावर बुद्ध जो उपदेश करतात त्याचा रोख असा, की ज्याला समूहातच गोडी वाटते त्या भिक्खूला एकांताचे सुख सहजी लाभणे शक्य नाही.

हा इशारा वाचून संघाने शिवणकामाकडे पाठ फिरवली असेल असे वाटते. पण विनयपिटक, म्हणजे संघाच्या आचारनियमांचा संग्रह, उघडला की चित्र नेमके उलटे दिसते. भिक्खूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंना अष्टपरिष्कार म्हणतात आणि त्यांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा यांच्या जोडीला सुईही आहे. सुया गंजतात म्हणून त्या नळीत पिठामध्ये ठेवाव्यात, बोटाला सुई टोचते म्हणून अंगुस्तान वापरावे, मात्र ते सोन्यारुप्याचे नसावे, अशा सवलती विनयपिटकाच्या चुल्लवग्ग या भागात एकामागून एक येतात. टाके वाकडे जाऊ लागले तेव्हा ‘मोघसुत्तक’ वापरण्याची मुभा मिळाली. सुतार लाकडावर काळ्या दोरीने खूण उमटवतो तशी कापडावर हळदीच्या दोऱ्याने उमटवलेली खूण, असा त्याचा अर्थ अट्ठकथा, म्हणजे पाली भाष्ये, देतात. निर्वाणाची वाट सांगणाऱ्या ग्रंथात टोचलेल्या बोटाची आणि वाकड्या टाक्याची एवढ्या आस्थेने विचारपूस व्हावी, यातच या परंपरेची खरी थोरवी आहे.

या दोन टोकांचा मेळ कठिन या विधीत लागतो. ‘कठिन’ हे मुळात कापड ताणून शिवण्याच्या चौकटीचे नाव. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील तीन महिन्यांचा एका जागचा मुक्काम, संपला की पुढच्या महिन्यात उपासकांनी दिलेले कापड संघ रीतसर ठराव करून एका भिक्खूला देतो, आणि ते धुणे, बेतणे, शिवणे, रंगवणे हे सारे त्याच दिवशी, दुसरी पहाट उजाडायच्या आत, पुरे व्हावे लागते. एकट्याच्या हातून हे होण्यासारखे नसल्यामुळे सगळे मदतीला बसतात. आपण ज्येष्ठ आहोत किंवा विद्वान आहोत, या सबबीवर कोणी अंग काढून घेऊ नये, असे भाष्यकार बजावतात. तयार चीवर एकाच्याच अंगावर जाते. बाकीच्यांच्या वाट्याला येते ते अनुमोदन, म्हणजे दुसऱ्याच्या लाभाने आपणही आनंदित होणे आणि तसे बोलून दाखवणे. मराठीत सभेतल्या ठरावापुरता उरलेला हा शब्द पाहिला, तर त्याच्या पोटात ‘मोद’ आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. सुत्तात ज्या गोडीबद्दल सावध केले आहे ती समूहाला चिकटून राहण्याची गोडी होय. कठिनासाठी जमलेला समूह मात्र कापडाभोवती जमतो आणि चीवराचा रंग वाळला की आपापल्या वाटेने जायला मोकळा होतो.

महाराष्ट्रातल्या गोधडीची, म्हणजेच वाकळीची, रीत याहून वेगळी आहे, आणि तो वेगळेपणा झाकण्याचे कारण नाही. तिथेही जुनेर कापडाचे थर अंथरून बायका कडेकडेने बसतात आणि धावदोरा घालत जातात. पण चीवराचे तुकडे एकाच काषाय रंगात बुडून कोणाचे कोणते ते ओळखू येईनासे होतात, तर गोधडीत आजीच्या लुगड्याचा काठ वर्षानुवर्षे बोटाने दाखवता येतो. गृहस्थाचा आनंद आठवणीला धरून असतो आणि त्याला उणे लेखणे न्यायाचे होणार नाही.

पुन्हा भिक्खूंच्या शिवणकामाकडे वळायचे तर, धम्मपदाच्या अट्ठकथेतील एका कथेत अनुरुद्ध या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे, चीवर जीर्ण झालेले असते आणि ते उकिरड्यावरून कापड शोधून आणतात. ते शिवायला बुद्ध स्वतः भिक्खूंना घेऊन येतात. कापडाच्या एका टोकाला महाकस्सप, मध्ये सारिपुत्त आणि दुसऱ्या टोकाला आनंद बसतो, बाकीचे भिक्खू सूत वळतात, मोग्गल्लान लागेल ते आणून देत फिरतात, आणि सुईच्या नेढ्यात दोरा बुद्ध ओवून देतात.