निष्कपट शंका

शास्त्रवाचन : योहान 1:45-51



नासरेथातून काही चांगले निघेल, असे नथनेलाला वाटत नव्हते. तरी फिलिप्पाने बोलावताच तो उठला व पाहायला गेला. प्रभूने त्याच्या शंकेला दोष लावला नाही. उलट त्याच्या ठायी कपट नसल्याची साक्ष दिली.

अशा निष्कपट शंकेचा दाखला विज्ञानाच्या इतिहासातही आहे. सोडियमसारख्या धातूवर मंद जांभळा प्रकाश पडला तरी त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. तांबडा प्रकाश कितीही प्रखर असला तरी सुटत नाहीत. प्रकाश म्हणजे केवळ लाटा असत्या, तर असे झाले नसते. 1905 साली आइन्स्टाइन यांनी सुचविले की, प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांनी येते. जांभळ्याची पुडी मोठी, तांबड्याची लहान. पुडीचे माप प्लांक यांनी 1900 साली मांडलेल्या स्थिरांकावरून ठरते.

शिकागोचे रॉबर्ट मिलिकन, एका पाळकाचे चिरंजीव, यांना हे मुळीच पटले नाही. आइन्स्टाइन यांचे समीकरण खोटे ठरेल या अपेक्षेने त्यांनी कित्येक वर्षे कष्ट केले. धातूचा पृष्ठभाग स्वच्छ राहावा म्हणून निर्वात काचपात्राच्या आतच तो चाकूने खरवडण्याची सोय केली. 1916 साली त्यांनी निकाल छापला : समीकरण बरोबर आहे! पुड्यांची कल्पना तेव्हाही त्यांना मान्य नव्हती. पण हाती आलेले आकडे त्यांनी लपविले नाहीत. 1923 सालच्या त्यांच्या नोबेल पारितोषिकात या कामाचाही वाटा होता.

विश्वास काचपात्रात मोजता येत नाही, हे खरे. पण प्रामाणिकपणा दोन्हीकडे एकच लागतो. शंका हे पाप नव्हे; शंका धरून जागेवर बसून राहणे आणि दिसलेले सत्य नाकारणे, हे मात्र घातक आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, वर्गातले मूल विचारते, “बाई, देवाने सर्व निर्माण केले, मग विज्ञानाच्या पुस्तकात वेगळे का लिहिले आहे?” आपण त्याला गप्प बसविले, तर देवाच्या घरात प्रश्न विचारायचे नसतात, एवढेच ते शिकते, आणि मोठेपणी तो प्रश्न घेऊन मंडळीबाहेर निघून जाते. त्यापेक्षा “चल, आपण मिळून शोधू,” असे म्हणू या. सर्व सत्य आपल्या प्रभूचेच आहे. मग आपण सत्याला का भ्यावे?

नथनेल शंका घेऊन गेला आणि येशूला देवाचा पुत्र म्हणून परतला. प्रभू आपणां सर्वांना तसे सरळ मन देवो. आमेन.