झुंबर पाहिलंस, मागचं दार पाहिलंस का?

फोन ठेव खाली. झुंबर पाहिलं, फुलांची कमान पाहिली, धूर सोडणारं ते स्टेजही पाहिलं. आता मला सांग, त्या हॉलचं मागचं दार कुठे उघडतं?

गप्प का? बयाणा देऊन आलास ना? तुझ्या सुप्याच्या कंपनीचा वर्धापनदिन आणि धाकट्या बहिणीचं लग्न, दोन्हींसाठी एकच लॉन्स धरलंस. वर ‘सर, पॅकेजमध्ये स्वस्त पडलं’ हे ऐटीत सांगायला आलास. जागा पाहिलीस कुठे? रीलवर. शाळेत गणित न सोडवता शेवटच्या पानावरची उत्तरं उतरवायचास, तीच खोड आजही आहे. फरक इतकाच, की तेव्हा नापास तू एकटा व्हायचास. आता तुझ्या भरवशावर सातशे माणसं येणार आहेत.

पत्रिकेत पत्ता काय छापलास? ‘बायपासजवळ, अहिल्यानगर’. कुठला बायपास? विळदचा, निंबळकचा की अरणगावचा? श्रीगोंद्याहून एसटीनं येणारी म्हातारी माळीवाड्याला उतरून रिक्षावाल्याला काय सांगणार? आणि कंपनी सुप्याला, पुणे रस्त्यावर. हॉल शहराच्या पार पलीकडे, मनमाड रस्त्याला. म्हणजे सगळं नगर ओलांडून जायचं आणि रात्री परत यायचं. कामगारांना बस कुठून, किती वाजता, याचा कागद दाखव. नाही ना? साहेबांच्या गाडीला मात्र पार्किंग आहे, ते तू आधी विचारलंस. चांगलं ओळखतो मी तुला.

बरं, कंपनीच्या कार्यक्रमात आहे काय? तीन भाषणं, बक्षिसं, मुलांचे नाच. त्याला लॉन्स कशाला? सावेडीच्या माउली सभागृहात महाकरंडक स्पर्धेच्या एकांकिका होतात. शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही शब्द ऐकू यावा म्हणूनच अशी सभागृहं बांधतात. तिथे चौकशी केलीस? नाही केलीस, कारण तिथे हिरवळीवर फोटो येत नाहीत.

आता मागच्या दाराकडे येतो. ते मी उगाच विचारलं नाही. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं. शाळेनं त्यासाठी लग्नाचा हॉलच घेतला होता. वर कृत्रिम कापडाचा मंडप, बाहेर पडायची वाट एक. आग लागली आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं. मी मास्तर आहे, ती तारीख मी विसरत नाही. मुंबईत कमला मिल्सच्या आगीत २०१७ च्या डिसेंबरात १४ जण गेले. वाढदिवस साजरा करायला आलेलीही त्यात होती. बरेच जण वाट न सापडून स्वच्छतागृहात शिरले आणि धुरानं गुदमरले. लांबचं वाटतं? मग ६ नोव्हेंबर २०२१ आठव. आपल्याच जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण गेले. ज्या गावानं हे पाहिलं, त्या गावातला माणूस बयाणा देताना ‘स्टेजवर एलईडी आहे का’ एवढंच विचारतो!

राज्यात २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे. अशा इमारतीच्या मालकानं दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ‘फॉर्म बी’ अग्निशमन विभागाकडे द्यायचा. तो माग. कार्यालयवाला हसला, तर समजून घे. नंतर स्वतः फिर. आग विझवायच्या नळकांड्यांवरच्या तारखा वाच. मागच्या दाराला कुलूप आहे का, दारापुढे केटररनं गॅसच्या टाक्या आणि खुर्च्यांची चळत लावली आहे का, डोळ्यांनी बघ. झुंबराखाली उभा राहून हे दिसत नाही. भटारखान्यात जावं लागतं, बूट चिकट झाले तरी.

डीजे किती वाजेपर्यंत ठरवलास? ‘बारापर्यंत, कार्यालयवाला सांभाळून घेतो.’ काय सांभाळतो तो? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत आवाजाची मुभा आहे, उघड्या लॉन्सला नाही. पोलिस आले की डीजेवाला वायरी गुंडाळून निघून जातो. चारचौघांत मान खाली घालायची ती तुझ्या बापानं.

तिथी मे महिन्यातली. आख्खं शहर मुळा धरणाच्या पाण्यावर, त्यातही नळाला रोज पाणी नाही. त्या लॉन्सला बोअर आहे की टँकर? टँकरचे पैसे पॅकेजमध्ये की वरून? जनरेटरचं डिझेल कोणाकडे? जीएसटी धरून की सोडून? पावती दिली की चिठ्ठीवर आकडा लिहिला? तारीख रद्द झाली तर परत किती? एकाचंही उत्तर नाही. तुझ्या कंपनीत दहा हजारांचं सामान घ्यायला तीन कोटेशनं लागतात आणि बहिणीच्या लग्नाला एक रील पुरली!

आणि हे काय? प्री-वेडिंग चांदबिबी महालावर? अरे, ती सलाबतखानाची कबर आहे! शाह डोंगरावरची ती वास्तू बघत जन्म काढलेल्या नगरकरानं तिथे कबरीच्या डोक्यावर फुगे सोडायचे? त्यातून ती संरक्षित वास्तू. २०२५ मध्ये याच शहरात मराठा समाजानं बसून लग्नाची आचारसंहिता ठरवली: शे-दोनशे माणसं, डीजे नाही, प्री-वेडिंग नाही, मुहूर्त वेळेवर. बातमी तूच मला पाठवली होतीस, हात जोडलेल्या चित्रासकट. हात जोडायचे दुसऱ्यांच्या लग्नासाठी, असं होतं का ते?

रडकं तोंड करू नकोस. बयाणा अजून थोडाच दिलाय. उद्या सकाळी नको, संध्याकाळी जा, दुसऱ्या कुणाचं लग्न तिथे चालू असताना. रस्त्यावर गाड्या कुठपर्यंत लागतात ते बघ. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग किती आणि आत पाणी आहे का, हे बहिणीला पाठवून विचार. आचाऱ्याशी बोल. वाजंत्री, वाढपी, गाड्यांचे ड्रायव्हर कुठे बसून जेवतात, तेही बघ. जिथे त्यांना उष्ट्या ताटांशेजारी बसवतात तिथे बहिणीचं लग्न करायचं नाही. हे सगळं कागदावर उतरवून रविवारी माझ्याकडे ये. अक्षर सुवाच्य हवं. आणि बहिणीला बरोबर आण, तिला काय हवंय हे तू अजून विचारलेलंच नाहीस.