समजून द्या

काम झाल्यावर "किती झाले?" म्हणून विचारलं की जुनी माणसं अजूनही म्हणतात, "समजून द्या." विहिरीची जागा दाखवणारा पाणाडी म्हणतो, बैलाला नाल ठोकणारा म्हणतो, पूजा सांगणारे महाराजही म्हणतात. ऐकायला गोड वाटतं. शहरातून आलेल्या पाहुण्याला तर वाटतं, खेड्यातली माणसं किती निर्मळ. मला मात्र हा शब्द ऐकला की अवघडल्यासारखं होतं. त्यात काम करणाऱ्यानं आपल्या कामाची किंमत सांगायचा हक्क समोरच्याच्या हातात देऊन टाकलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो खुशीनं दिलेला नसतो.

माझ्या मते हा शब्द बलुत्यातून आला. मी लहान होतो तेव्हा, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाआधी, आमच्याकडं सुताराला रोख पैसे देत नसत. वर्षभर त्यानं तिफण दुरुस्त करायची, वखराचं रुमणं बदलायचं, मोडलेलं जू नीट करायचं, आणि सुगीला खळ्यावर येऊन आपलं बलुतं न्यायचं. नवी बैलगाडी केली तर तिचं वेगळं ठरायचं. पण रोजच्या कामाचा हिशोब असा नव्हताच. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासा. सुतार थोरल्या कासेतला, म्हणून त्याचं माप मोठं. काम कुणी किती केलं यापेक्षा जन्म कुठल्या कासेत झाला, यावर पेंढ्या मोजल्या जायच्या. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. कुणब्याच्या खळ्यावर किती हात पडतात ते त्यांनी दाखवलं. मग १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं, ते ज्यांना खळ्याच्या कडेला उभं राहावं लागलं त्यांच्या बाजूनं. दोन्ही वाचली की एक गोष्ट कळते. देणाऱ्याला वाटायचं फार गेलं, घेणाऱ्याला वाटायचं काहीच आलं नाही, आणि दोघांपैकी कुणीही तोंडानं आकडा काढत नव्हतं.

बलुत्यात निदान पोटाची सोय होती, असं म्हणणारे अजून आहेत. बहात्तरला खळीच लागली नाहीत. आमच्या सुतारमामांनी आदल्या पाडव्यापासून सगळ्या गावाची औतं भरून दिली होती. त्याचं बलुतं कुठून मागणार? मामा खडी फोडायला गेले. तिथं काम मोजून मजुरी मिळायची. पुढं कितीतरी वर्षं ते सांगत, "आपल्या कामाला माप असतं, हे मला खडीवर कळलं."

त्यांचा मुलगा वेल्डिंग शिकला. जालन्यात लोखंडाच्या मिला, त्यामुळं सळईचा आणि भंगाराचा भाव आमच्याकडच्या पोरांना पाढ्यासारखा पाठ असतो. त्यानं रस्त्याला दुकान टाकलं आणि भिंतीवर पाटी लावून खडूनं भाव लिहिले. ट्रॉलीचा फाळका, रोटाव्हेटरचं पातं, पेरणी यंत्राचा दांडा, गेट, जाळी. खाली एक ओळ, "रात्रीच्या कामाला शंभर रुपये जास्त." गावाला हे आवडलं नाही. "बापानं कधी तोंडानं पैसा मागितला नाही, आन् हा पाटी लावून बसलाय," असं पारावर चाललं. मामांनाही ते जडच गेलं. एकदा दुकानात बसल्या बसल्या त्यांनी कुणाच्या तरी कुदळीला दांडा घालून दिला. त्यानं विचारलं, किती? मामा सवयीनं बोलून गेले, "समजून द्या." आतून पोरगा ओरडला, "पन्नास!" मामा लाजले. पण त्या गड्यानं खिशातून जे वीस काढले होते ते परत आत घातले आणि पन्नासची नोट दिली, हे मी पाहिलंय.

पन्नास जास्त की कमी, हे कशावरून ठरवायचं? याचं उत्तर खरं तर आम्हा शेतकऱ्यांना सगळ्यात चांगलं यायला पाहिजे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीला लावून आमची पिढी उत्पादन खर्चावर आधारित भाव मागत फिरली. स्वामिनाथन आयोगानं खर्चाच्या वर निदान पन्नास टक्के द्या म्हटलं. त्यानंतर सगळं भांडण खर्च कुठला धरायचा यावर आलं. नुसतं बी, खत, फवारणी आणि घरच्या माणसांची मजुरी धरायची, की आपल्या जमिनीचा खंड आणि घातलेल्या पैशाचं व्याजही धरायचं? याला सी-२ खर्च म्हणतात. सभेत आम्ही ठणकावून सांगतो, सी-२ धरा. आता तोच हिशोब वेल्डिंगवाल्याला लावा. रॉड आणि वीज हे त्याचं बी-खत. दुकानाचं भाडं हा त्याचा खंड. मशीन कर्जावर घेतलं, त्याचं व्याज. हाताखालच्या पोराची मजुरी, आणि स्वतःची. पावसाळ्यात शेताची कामं चालू असतात, कुणी गेट करायला येत नाही, तो काळही याच भावातून निघायला हवा; जमीन पड राहिली म्हणून तिचा खर्च थांबत नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. तरी त्याच्यापुढं उभं राहिलं की म्हणतात, "दहा मिनिटाचं तर काम, दोनशे काहून?" रॉडचे पैसे तेवढे दिसतात. बाकीचा सी-२ दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सांगेल तो आकडा मुकाट्यानं द्यायचा का? नाही. कारण दुसरीही बाजू आहे. मृगाचा पाऊस पडला, वापसा आला, आणि पेरणी यंत्राचा दांडा तुटला, तर माणूस दोनशेच्या जागी हजारही देईल. दोन दिवस गेले तर ओल जाते. त्या दिवशी दुप्पट घेणारे दुकानदार आहेत. त्यांचं म्हणणं असं, आम्ही जबरदस्ती करत नाही, त्याला परवडतं म्हणून तो देतो. हेच तर खेडा खरेदीवाला आमच्या कापसाला करतो. दिवाळी तोंडावर आलेली, पोरीला आणायचंय, हे त्याला दिसतं आणि तो त्यावरून भाव पाडतो. तो कापूस बघत नाही, आमचं तोंड बघतो.

म्हणून मी माझ्यापुरता फरक असा करतो. रात्री कामाला उठायचं म्हणून शंभर जास्त, हे कामाचं मोल. शेतीची लाइट आमच्याकडं आठवड्याच्या पाळीनं रात्री येते, पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला रात्रीचं मोल कळतं. आणि ते पाटीवर आधी लिहिलेलं आहे. पण माझी अडचण मोठी म्हणून भाव मोठा, हे अडचणीचं मोल. २०१२-१३ ला मोसंबीच्या बागा वाचवायला लोकांनी टँकरनं पाणी विकत घेतलं. उन्हाळा वाढला तसा भाव वाढला. जवळच्या विहिरी आटल्या, लांबून आणावं लागलं, डिझेल लागलं, तितकं वाढलं तर त्याला कुणी नाव ठेवणार नाही. पण खेप त्याच विहिरीची, तेवढ्याच अंतराची, आणि झाडं सुकायला लागलेली बघून आकडा चढवला, ते लोक अजून विसरले नाहीत.

काही ठिकाणी मात्र भाव उघड असूनही खोटा असतो. मोटार जळाली की भरायला न्यावी लागते. कारागीर सांगतो, एवढे होतील. त्यात नवी तार आली, मजुरी आली. पण आतून निघालेलं जळकं तांबं कुणाचं? भंगारात त्याला किलोवर पैसे मिळतात आणि बऱ्याच शेतकऱ्यांना ते विचारायचंही सुचत नाही. तांबं कारागिरानं ठेवायला माझी हरकत नाही, पण त्यानं तसं सांगावं. "तांबं माझं, म्हणून मजुरी एवढी, तांबं नेणार असाल तर तेवढी." आमच्या भागात एक जण असं सांगतो. त्याच्याकडं मोटारींची रांग असते.

आता एक गोष्ट राहिली, तिच्यावर माझं मन अजून ठरलेलं नाही. मागच्या वर्षी त्या वेल्डिंगच्या दुकानात एक एकटी बाई कडबाकुट्टीचं पातं घेऊन आली. काम झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, मजुरी राहू द्या. रॉडचे ऐंशी तेवढे द्या." शेजारी एक बागायतदार ट्रॉली लावून उभा होता. तो म्हणाला, "मग मलाबी तसंच लाव की." हा हसून म्हणाला, "दादा, तुम्हाला पाटीप्रमाणं."

मजुरी त्याची स्वतःची, ती सोडायला त्याला कुणाला विचारायचं कारण नाही. रॉड दुकानातून उधार आणलेला, तो त्यानं सोडला नाही, हेही मला आवडलं. पण त्यानंही तोंड बघूनच भाव केला ना? फक्त उलट्या बाजूनं. पाटी सगळ्यांना सारखी म्हणून लावली होती, असं बागायतदार रस्ताभर मला सांगत राहिला. त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही. ट्रॉलीत त्याच्या शेजारी बसून मी गावापर्यंत ऐकत आलो.