कव्हर घालण्याआधी

अमेरिकेत शहर मागे पडलं, की तबेल्यांच्या कुंपणाशी घोड्यांचे ट्रेलर उभे दिसू लागतात. पिकअपच्या मागे जोडायची, दोन-तीन घोडे मावतील अशी बंद गाडी. आपल्याकडे घोड्यांचा प्रवास म्हटला की रेसकोर्स आठवतं. पावसाळ्यातल्या शर्यती पुण्यात, हिवाळ्यातल्या महालक्ष्मीला, आणि हंगाम पालटला की घोड्यांची घाटातून ये-जा. तिकडे मात्र हौसेनं घरचे एक-दोन घोडे बाळगणारेही पुष्कळ. त्यांचा ट्रेलर शनिवार-रविवारी बाहेर पडतो, नाहीतर घोड्याला डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी. एरवी तो नुसता उघड्यावर उभा. गंमत अशी, की बरेचदा तो चालून झिजत नाही, उभा राहून खराब होतो. उन्हानं खिडक्यांचं रबर कडक होतं. छपराच्या सांध्यांत भरलेलं सीलंट तडकतं, मग तिथून पाऊस झिरपतो. टायरची नक्षी कोरी करकरीत आणि बाजूला मात्र बारीक भेगा. म्हणून लोक ट्रेलरवर कव्हर घालतात. शहाणपणाचंच काम आहे.

पण कव्हर घालण्याआधी काय केलं, यावर बरंचसं ठरतं. साधारण पाचशे किलोचं जनावर आत उभं राहून प्रवास करतं. लीद पडते. मूत रबरी मॅटखाली जातं आणि तिथल्या लाकडी फळ्यांत मुरतं. फळ्यांऐवजी ॲल्युमिनियम असलं तरी सुटका नाही, तेही हळूहळू खाल्लं जातं. अशा गाडीवर घाईघाईनं प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली, की बाहेरचा पाऊस अडतो खरा, पण आतली ओल आतच कोंडते. दिवसा तिची वाफ होते, रात्री गारठा पडला की छताला आतून थेंब धरतात. बुरशी येते. सांडलेल्या चंदीच्या वासानं उंदीर येतात. उबदार, अंधारी, कुणी न फिरकणारी जागा त्यांना आयतीच मिळते. फळी वरून धडधाकट दिसते आणि खालून भुसभुशीत झालेली असते. म्हणून जाणती माणसं आधी लीद काढतात, मॅट उचलून उभ्या करतात, पाणी मारून तळ धुतात आणि दारं सताड उघडी टाकून तो खडखडीत वाळू देतात. गाडी बाहेरूनही धुतात, कारण धूळ राहिली तर वाऱ्यानं हलणारं कापड तीच धूळ रंगावर घासत बसतं. कव्हर घेतात तेही हवा खेळती ठेवणाऱ्या कापडाचं, आणि ते फडफडू नये म्हणून पट्ट्यांनी नीट आवळतात. आपल्या आज्या लोणच्याची बरणी धुऊन, पुसून, वर उन्हं दाखवून मगच भरत. त्याच जातीची ही काळजी.

घोडा आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात असेल. पण वापरून ठेवून द्यायच्या वस्तू सगळ्यांकडे आहेत. ओली छत्री तशीच गुंडाळून पिशवीत जाते. जेवणाचा डबा झाकण लावून रात्रभर बॅगेतच राहतो. घामेजलेलं हेल्मेट डिकीत. पावसात भिजलेल्या स्कूटरवर घरी आल्या आल्या कव्हर. यात हयगय करायचा हेतू कुणाचाच नसतो. झाकणारा तर काळजीपोटीच झाकत असतो. फक्त त्या वेळी आपण दमलेले असतो, आणि मनानं काम केव्हाच संपवून टाकलेलं असतं. घोडा उतरला, पाणी प्यायला, गवताला लागला; आता गाडीचं काय ते उद्या बघू. हा ‘उद्या’ फार लाघवी असतो, त्याला नाही म्हणवत नाही! मला वाटतं, कामाचा शेवट जरासा पुढे सरकवून बघावा. डबा रिकामा झाला तेव्हा नाही, तो घासून उपडा घातला तेव्हा जेवण संपलं. छत्री दाराशी उघडून ठेवली, की मग आपण घरी पोचलो. पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न असतो. दुसऱ्या दिवशी ती वस्तू हातात घेणारं माणूस कधी आपणच असतो, कधी घरातलं दुसरं कुणीतरी. त्याला घाईच्या वेळी कुबट वास येत नाही, एवढंही पुष्कळ झालं.

कव्हरचा एक दोष मात्र कितीही काळजी घेतली तरी राहतोच. वस्तू नजरेआड होते. म्हणून ट्रेलरवाले अधूनमधून कव्हर काढून आत शिरतात, मॅट उचलतात आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं फळ्या टोचून बघतात. टोक रुतलं तर फळी बदलायची, त्यात चालढकल नाही. वर घोडा उभा राहणार असतो. टायरचंही ते नुसतं नक्षीवरून ठरवत नाहीत, वय बघतात. ते आपल्यालाही बघता येतं. टायरच्या बाजूला छापलेल्या लांबलचक अक्षर-आकड्यांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. स्कूटर असो की कार, आज निघताना जरा वाकून वाचून बघा. कधीकधी हे आकडे चाकाच्या आतल्या बाजूला येतात, तेव्हा थोडी मान वाकडी करावी लागते. आणि घरामागे एखादी फारशी न वापरलेली गाडी झाकून ठेवलेली असेल, तर रविवारी तिचेही वाचा. कव्हर काढलंच आहे, तर काचा खाली करून तासभर तिला वारा लागू द्या.