वर्दी न घातलेल्या बाईला काय कळतं?

बरीच वर्षं माझं मत साधं होतं : सैन्याचं सैन्यालाच ठरवू द्यावं. ज्यानं खंदकात एक रात्र काढली नाही, त्यानं सैनिकाच्या भरतीवर, बढतीवर, रजेवर का बोलावं? असं मत देशप्रेमाचं वाटतं, म्हणून ते तपासून बघावंसंही वाटत नाही. माझं डळमळलं ते १९५० साली अमेरिकेत झालेल्या दोन नेमणुकांबद्दल वाचताना.

त्या जूनमध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना संरक्षणमंत्री म्हणून जॉर्ज मार्शल हवे होते. मार्शल दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचे प्रमुख होते. त्यांच्याहून लायक कोण असणार? पण १९४७चा कायदा आडवा आला. गेल्या दहा वर्षांत लष्करी अधिकारी म्हणून सेवेत असलेल्या माणसाला हे पद देता येत नव्हतं. शेवटी संसदेनं त्यांच्यापुरती सूट देणारा वेगळा कायदा केला आणि याचा पायंडा पडू नये, असंही त्यात लिहून ठेवलं.

मार्शल यांनी मनुष्यबळाचं खातं सांभाळायला निवडलं ॲना रोझेनबर्ग यांना. जन्म बुडापेस्टचा, धर्मानं ज्यू, आणि बाई. मालक आणि कामगार यांच्यातले तंटे सोडवण्यात त्यांची उमर गेलेली. वर्दी कधी घातली नव्हती, पण महायुद्धात न्यूयॉर्कमध्ये मनुष्यबळाचं सरकारी काम त्यांनीच पाहिलं होतं. नेमणुकीला सीनेटची मंजुरी लागणार होती. समितीपुढे एका साक्षीदारानं शपथेवर सांगितलं, की तीसच्या दशकात ही बाई कम्युनिस्टांच्या बैठकीत दिसली होती. तपासात कळलं, ती ॲना रोझेनबर्ग वेगळीच! समितीनं एकमतानं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि डिसेंबरमध्ये सीनेटनं मंजुरी दिली.

म्हणजे एका नामवंत जनरलला ‘तुम्ही पुरेसे नागरिक आहात का?’ असं विचारलं गेलं आणि एका नागरिक बाईला ‘तुम्ही पुरेशा आपल्या आहात का?’ असं. पहिला प्रश्न मला रास्त वाटतो, दुसरा अपमानाचा. तरीही सुनावणीच नको, असं मला म्हणवत नाही.

त्याचं कारण रोझेनबर्ग यांच्या पुढच्या कामात आहे. सक्तीच्या भरतीचं वय एकोणीसवरून अठरावर आणावं, ही मागणी त्यांनी आणि मार्शल यांनी संसदेपुढे मांडली. १९५१च्या कायद्यात साडेअठरा ठरलं आणि सेवेची मुदत २१ महिन्यांवरून २४ महिने झाली. या आकड्यांमागे कुणाची तरी मुलं होती. त्यातल्या कुणालाही ‘मी का?’ असं वरिष्ठाला विचारता येणार नव्हतं. हुकूम पाळणं हेच सैनिकाचं काम. त्यानं प्रश्न विचारण्याचा हक्क सोडलेला असतो, म्हणून त्याच्या आयुष्याबद्दल ठरवणाऱ्याला दुसऱ्या कुणीतरी प्रश्न विचारायलाच हवेत. जनरलही हुकमाच्या त्याच साखळीत असतो. तिच्या बाहेरचं, लोकांना उत्तर देणारं कुणीतरी वर लागतं.

मग लायकी कशाला म्हणायचं? मला वाटतं, दोन गोष्टी लागतात : माणसांच्या कामाची खरी जाण, आणि आपल्या निर्णयाचं उत्तर उघडपणे देण्याची तयारी. रोझेनबर्ग यांच्याकडे दोन्ही होत्या.

अर्थात मंजुरीचा अधिकारही नासतो. २०२३मध्ये सीनेटर टॉमी ट्युबरव्हिल यांनी लष्करी बढत्या अडवून धरल्या. गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागणाऱ्या सैनिकांना प्रवासखर्च आणि रजा देण्याचं धोरण त्यांना मान्य नव्हतं. सुमारे दहा महिने बढत्या अडल्या आणि अडलेल्यांची संख्या चारशेवर गेली. धोरण नागरी नेतृत्वानं ठरवलेलं, आणि भोगलं ते न ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी. ज्यांना उलट बोलता येत नाही, त्यांनाच ओलीस धरलं गेलं. धोरण ठरवणाऱ्याला खुर्चीत बसवून कितीही टोकाचे प्रश्न विचारा; तो सीनेटचा हक्कच आहे.

आपल्याकडे अशा नेमणुकांना संसदेची मंजुरी लागत नाही. २०२२मध्ये ‘अग्निपथ’ आली : चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम. योजना चांगली की वाईट, यावर आपण तावातावानं भांडलो. तिचे तपशील ज्यांनी आखले, त्यांची नावं मात्र मला आजही सांगता येणार नाहीत. पूर्वी मला याचं काही वाटलं नसतं. सैन्याचं सैन्य बघेल, असं म्हणून मी पुढे गेलो असतो. आता पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं दिसली, की वाटतं, यांच्या वतीनं कुणाला तरी खुर्चीत बसवून विचारायला हवं होतं : चारच वर्षं का?