दिव्यांची घाई करू नकोस

चि. चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस की कुंभार्ली घाटात रात्री पुढचं नीट दिसत नाही, मारुतीचे दिवे अगदी पिवळट पडलेत, तेव्हा या रविवारीच दुकानात जाऊन पांढरेशुभ्र एलईडी बल्ब टाकून घेते. तक्रार तुझी खरी आहे. हेळवाक सोडलं आणि पावसाळ्यात धुकं खाली उतरलं की त्या रस्त्यावर भल्याभल्यांचा कस लागतो, आणि गाडीचंही आता वय झालंय. मला खटकलं ते फक्त ‘या रविवारीच’. म्हणून पत्र लिहायला बसलो; फोनवर तू ‘हो आजोबा, हो आजोबा’ म्हणतेस आणि मागे गॅसवर तुझं दूध उतू जात असतं.

आपल्या गाडीत जो बल्ब आहे ना, त्याला एच-फोर म्हणतात, साठ-पंचावन्न वॉटचा. त्यात दोन तारा असतात, अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, साठ वॉटची आणि डिपरची, म्हणजे खालच्या झोताची, पंचावन्न. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो, तिथून खाली रस्त्यावर जातो, आणि समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत चढतच नाही. ती तार कुठे असावी, किती लांब असावी, हे अगदी केसाच्या हिशेबाने ठरवलेलं असतं आणि रिफ्लेक्टरचा खोलगटपणा त्या एका जागेसाठी घडवलेला असतो. त्याच खोबणीत एलईडीचा बल्ब बसतो खरा, पण त्याचा प्रकाश एका बारीक तारेतून येत नाही, पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या टिकल्यांतून येतो. मग रिफ्लेक्टर बिचारा गोंधळतो. गाडीच्या नाकासमोरची दहा पावलं लख्ख होतात, वळणापलीकडचा दगड अंधारातच राहतो, आणि उरलेला उजेड समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. त्यातून जवळचं फार उजळलं की आपल्याच डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं आणखी कमी दिसतं. तुला वाटेल किती छान उजेड पडलाय, आणि दिसेल मात्र आधीपेक्षा कमी. पांढऱ्या-निळसर उजेडाचं आणखी एक आहे, ओल्या डांबरावर तो नुसता विरून जातो.

दुकानदार कदाचित ‘शंभर-नव्वद टाका’ असंही सुचवेल. तेही नको गं. जुन्या वायरी आणि होल्डर तेवढ्या उष्णतेसाठी केलेले नाहीत. होल्डरचं प्लास्टिक मऊ पडतं, आणि घाटाच्या मध्यावर दोन्ही दिवे गेले तर काय करशील? शिवाय कायदा आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम दिव्यांचा झोत खाली वळवलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत, याच्यासाठीच आहे. तुझी आई लहान होती तेव्हा दिव्याच्या काचेवर वरच्या बाजूला काळा ठिपका रंगवलेली वाहनं सर्रास दिसायची, तीही याच काळजीपोटी. तू मुद्दाम कुणाचे डोळे दिपवशील असं मला स्वप्नातही वाटत नाही. अप्पर-डिपरला तुझा हात किती तत्पर आहे ते मी शेजारी बसून पाहिलंय.

मग करायचं काय? आधी जो उजेड आहे तो पुरता मिळतोय का ते बघ. माझा सगळा संशय वायरिंगवर आहे. जुन्या गाडीत दिव्यांची वीज बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत येते, तिथून परत पुढे जाते, आणि एवढ्या वाटचालीत गंजलेले जोड नि झिजलेले स्विच तिच्यातला थोडा थोडा भाग खातात. दिव्याचं गणित मोठं निष्ठुर आहे: विजेचा दाब दहा टक्के घटला तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. एखाद्या चांगल्या वायरमनला इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मीटर आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर लावायला सांग. एक-दीड व्होल्टचा फरक निघाला तर रोग सापडलाच म्हणून समज. उपाय स्वस्त आहे. बॅटरीपासून जाड वायर, तिच्या सुरुवातीलाच फ्यूज, आणि डिपर-अप्परला एकेक रिले, म्हणजे स्विचने नुसता हुकूम द्यायचा, वजन उचलायला रिले. अर्थिंगची वायरही नवी घालून घे, ती सगळे विसरतात. रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडला असेल तर मात्र घासत बसू नकोस, तो आणखी उडतो. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा अख्खा दिवा बदललेला बरा. फक्त तो डावीकडून चालणाऱ्या देशासाठी केलेला आहे ना, एवढं बघ. आपल्या डिपरचा झोत डावीकडे, रस्त्याच्या कडेला, थोडा वर चढतो. उजवीकडून चालणाऱ्यांचा दिवा लावलास तर तो चढ नेमका समोरच्या गाडीच्या काचेवर जाईल. आणि नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नकोस, स्वच्छ फडक्याने धर. बोटाचा तेलकटपणा तापून काच तडकते.

हे सगळं झालं की फोकस लावायचा. हे काम पहाटेचं. (तुला पहाटे उठवणं म्हणजे काय ते तुझ्या आईला विचार, पण परीक्षेच्या दिवसांत तू आपली आपण उठायचीस, तेव्हा जमतं तुला.) संध्याकाळी सोसायटीत मुलं खेळत असतात, गाड्या येत-जात असतात, आणि माणूस ‘झालं झालं’ करून उरकतो. साडेचारला अंधारही असतो आणि निवांतपणाही. आदल्या दिवशी टायरची हवा बघून ठेव, टाकी अर्धी भरलेली असू दे. जमीन सपाट आहे का ते गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने तपास, कारण सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही. गाडी भिंतीला अगदी लावून दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या खुणा खडूने कर, मग सरळ मागे साडेसात मीटर ने. शेजारच्या काकूंना चहाचं आमिष दाखवून ड्रायव्हरच्या जागी बसव, कारण तुझ्याएवढं वजन आत असायला हवं.

आता डिपर लाव, आणि एका दिव्याचा प्लग काढून दुसराच बघ. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल: उजवीकडे आडवी, आणि मध्यापासून डावीकडे चढत गेलेली. ती आडवी कड खडूच्या खुणेपेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. आपला दिवा जमिनीपासून साधारण पासष्ट सेंटिमीटरवर धरला तर उजेड पासष्ट मीटरपर्यंत रस्त्यावर पोचतो, आणि घाटात ज्या वेगाने जायला हवं त्याला तो पुष्कळ झाला. कड जिथून वर वळते ती जागा खुणेच्या सरळ रेषेत आण. दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावा-उजवा. अर्धा फेरा फिरव, मागे जाऊन बघ, पुन्हा अर्धा. इथे घाई केलीस की दोन्ही स्क्रू एकदम फिरवले जातात आणि मग कुठे होतो तेच कळत नाही. अप्पर वेगळा लावायची गरज नाही, तो डिपरमागून आपोआप येतो.

मे महिन्यात डिकीत हापूसच्या पेट्या भरून कराडला येतेस तेव्हा गाडीचं नाक वर होतं नि ही सगळी मेहनत बिघडते, तेव्हा जड पेट्या मागच्या सीटच्या पायापाशी ठेवत जा. आणि धुक्यात अप्पर लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. समोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा डिपर ठेवून वेग इतका कमी कर की जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

नवे बल्ब घातलेस तर जुने फेकू नकोस, चालू असतील तर कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव. आणि वायरमनचं काम होईपर्यंत दोन-तीन आठवडे घाट उजेडीच ओलांड. रात्रीच्या जेवणाला पोचली नाहीस तरी तुझ्या वाटणीची भाकरी तुझी आजी राखून ठेवतेच.

तुझ्या आईला आशीर्वाद.

तुझे,
आजोबा